शटरच्या चकतीवरचे आकडे

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात काळाचे एक कोष्टक आहे. अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचे एक अहोरात्र, असा तो हिशेब असून तो उलट मांडीत गेले म्हणजे एका अहोरात्रात चार लाख शहाऐंशी हजार निमेष भरतात, आणि आजच्या मापाने एक निमेष सेकंदाच्या पाचव्या व सहाव्या हिश्शांच्या दरम्यान येतो. निमेष म्हणजे पापणी मिटणे. ज्यांनी हे कोष्टक रचले त्यांनी काळाचे सर्वांत लहान माप शोधण्यासाठी स्वतःच्या डोळ्यापलीकडे जाण्याचे कारण मानले नाही. कॅमेऱ्याचे शटर हीही एक पापणीच होय; फरक इतकाच की, डोळा उघडा असतो आणि क्षणमात्र मिटतो, तर कॅमेरा सदैव मिटलेला असतो आणि क्षणमात्र उघडतो. तो क्षण किती लांबीचा असावा, या एका प्रश्नाभोवती छायाचित्रणाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे, आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर जी चकती असते तिच्यावरचा प्रत्येक आकडा कोणी ना कोणी कष्टाने मिळविलेला आहे. चकती फिरवून आकडा निवडणाराला हा पूर्ववृत्तान्त ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते; कारण तो ठाऊक नसल्यामुळे जितका वेग अधिक तितके चित्र चांगले अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे, आणि ती समजूत चित्राला मारक आहे.

प्रारंभ अर्थातच निमेषापासून फार दूर झाला. फ्रान्समधील जोसेफ निसेफोर नीएप्स या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणारा देखावा कथलाच्या मिश्र धातूच्या पत्र्यावर उमटविला. पत्र्यावर एका जातीच्या डांबराचा पातळ लेप होता. जेथे प्रकाश पडे तेथे तो घट्ट होई, जेथे न पडे तेथे तो लव्हेंडरच्या तेलाने धुऊन जाई. या क्रियेला किमान आठ तास लागले असावेत असे पूर्वापार मानले जाते, आणि काही अभ्यासकांच्या मते तर कित्येक दिवस. आपल्या मापाने आठ तास म्हणजे वीस घटका. एवढ्या अवधीत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, आणि म्हणून त्या चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच वेळी उजळलेल्या दिसतात. असे ऊन पृथ्वीवर कोणीही कधी पाहिलेले नाही. जगातील सर्वांत जुन्या उपलब्ध छायाचित्राविषयी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे की, त्यात क्षण नाही. त्यात एक अखंड दिवस साठलेला आहे.

नीएप्सचा भागीदार लुई दागेर याने पुढे रुपेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आयोडीन व पाऱ्याची वाफ यांच्या साहाय्याने, तासांची मुदत मिनिटांवर आणली. ७ जानेवारी १८३९ रोजी आरागो या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्या शोधाची वार्ता दिली आणि १९ ऑगस्टला त्याची कृती जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी दागेरने पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे एक चित्र घेतले होते. रस्ता रहदारीचा, दिवसा गाड्याघोड्यांनी गजबजलेला. पण चित्रात तो निर्मनुष्य दिसतो, कारण पत्रा कित्येक मिनिटे उघडा होता आणि जे हालत होते ते कोठेही इतका वेळ थांबले नाही की त्याची खूण उमटावी. केवळ एका कोपऱ्यात एक मनुष्य एक पाय उंच ठेवून उभा आहे आणि त्याच्या पायाशी कोणी वाकलेला दिसतो. बूट पॉलिश करून घेणारा तो गृहस्थ आणि पॉलिश करणारा तो कारागीर. छायाचित्रात सापडलेली ही बहुधा पहिलीच माणसे, आणि ती सापडली ती बूट लखलखीत होईपर्यंत एका जागी थांबावे लागले म्हणून. त्या दिवशी त्या रस्त्याने गेलेल्या बाकीच्या शेकडो लोकांचा त्या पत्र्यावर दाखला नाही. कॅमेरा जे असते ते टिपतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो जे टिकते ते टिपतो, आणि किती टिकले म्हणजे टिपायचे याचा निर्णय शटर करते.

माणसाचा चेहरा टिपण्याची हौस मात्र सर्वत्र अनावर होती, आणि चेहरा तर कित्येक मिनिटे स्थिर राहत नाही. १८४० मध्ये व्हिएन्नाचा गणिती जोसेफ पेट्झवाल याने खास व्यक्तिचित्रांसाठी एक भिंग हिशेबाने सिद्ध केले, जे पूर्वीच्या भिंगांहून कितीतरी अधिक प्रकाश आत घेई. त्याच सुमारास ब्रोमीनच्या वाफेने पत्र्याचा मंदपणाही कमी करता आला. आणि दोन्ही मिळून प्रकरण मिनिटाच्या आत, म्हणजे एकदोन पळांवर आले. एक पळ चोवीस सेकंदांचे. तेवढा वेळही डोके निश्चल ठेवणे सोपे नसल्यामुळे स्टुडिओत खुर्चीच्या मागे एक लोखंडी दांडा उभा असे आणि त्याच्या टोकाचा चिमटा गिऱ्हाइकाच्या मानेमागे, चित्रात दिसणार नाही अशा बेताने, बसवीत. युरोपातील जुन्या आल्बमांत तान्ह्या मुलांची अशी चित्रे आढळतात की, मुलामागे एक कापड पांघरलेली आकृती दिसते. ती त्याची आई, मूल हालू नये म्हणून त्याला धरून बसलेली.

ही विद्या आपल्या मुलखात फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्या मागून निघाल्या. पुढल्याच वर्षी एलफिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचे पदवीधर असून या कलेत निष्णात झाले, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत तिचा व्यवसाय थाटला. याच काळात मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर नेमले, आणि मेजर रॉबर्ट गिल, ज्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली होती, त्यांनीही लेण्यांत कॅमेरा नेला. त्या काळच्या सरकारी संग्रहांत मंदिरे, मशिदी, लेणी आणि किल्ले यांचाच भरणा दिसतो, आणि पुष्कळ चित्रांत चिटपाखरूही नसते. राज्यकर्त्यांना पुरातत्त्वाची आस्था होती हे त्याचे एक कारण असेल. परंतु दुसरे कारण, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, ते शटरचे, किंवा खरे म्हणजे शटर नसण्याचे आहे. इमारत हालत नाही. बाजार, दिंडी, लग्नाची वरात, पेरणी, मळणी हे सगळे हालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आपल्या लोकजीवनाची तसबीर आपल्याला मिळत नाही आणि दगडांची मात्र मुबलक मिळते, त्याला त्या काळी छायाचित्र ज्या काचेवर उमटे तिचा मंदपणा मोठ्या अंशी जबाबदार आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या कलोडियनची कृती प्रसिद्ध केली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे सर्व जगात तीच चालली. ही कृती जवळून पाहण्यासारखी आहे. स्वच्छ पुसलेली काच डाव्या हाताच्या बोटांवर आडवी तोलून धरायची, तिच्या मध्यभागी ईथर व मद्यार्कात विरघळविलेला मधासारखा दाट द्रव ओतायचा, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करीत तो चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन उरलेला थेंब बाटलीत परत सोडायचा. द्रव चिकट होताच अंधारात काच रुपेरी क्षाराच्या पाण्यात बुडवायची. आणि ती निथळत असतानाच कॅमेऱ्यात बसवून, चित्र घेऊन, धावत अंधारखोलीत नेऊन हिराकसाच्या पाण्याने चित्र उघडे करायचे. हे सारे काच ओली आहे तोवर, म्हणजे फार तर दहापंधरा मिनिटांत आटोपले पाहिजे, कारण लेप वाळला की काच आंधळी होते. आपल्याकडील वैशाखात ईथर किती झपाट्याने उडून जात असेल याची कल्पना ज्याने उन्हात स्पिरिटची बाटली उघडी ठेवली आहे त्याला सहज करता येईल. ज्यांनी तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाण्याच्या पखाली हमालांच्या पाठीवर लादून हे काम डोंगरदऱ्यांत केले, ज्यांपैकी सॅम्युएल बोर्न १८६६ मध्ये हिमालयातील मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर जाऊन पोहोचले, त्यांच्या चिकाटीपुढे मस्तक नम्र होते.

या काचेला उघड्यावर काही सेकंद आणि स्टुडिओत त्याहून अधिक वेळ प्रकाश लागे. तेवढ्यासाठी यंत्राची गरज नव्हती. भिंगावर एक टोपी असे. छायाचित्रकार ती काढी, मनाशी अंक मोजी, आणि परत बसवी. हेच त्या काळचे शटर. मोजणे हीच विद्या होती, आणि ती ढग, ऋतू, दिवसाचा प्रहर, भिंगाचे वय आणि क्षाराच्या पाण्याचा ताजेपणा या सगळ्यांचा विचार करून हाताच्या अंगवळणी पडलेली असे. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेत जो मिनिटात फोटो काढून देणारा येई, त्याच्या लाकडी पेटीलाही शटर नव्हते. तो आकाशाकडे एकदा पाही, समोर बसलेल्याला ‘हालू नका’ म्हणे, टोपी उचलून हवेत एक छोटा वळसा घेई आणि ती परत भिंगावर ठेवी. तो वळसा केवढा असावा हे त्याच्या मनगटाला ठाऊक होते. आपल्या घरांतील जुन्या तसबिरींत आजोबा-पणजोबा इतके करड्या मुद्रेने का पाहत असतात, याची चर्चा आपण त्यांच्या स्वभावावरून करतो. त्यातला पुष्कळसा करडेपणा त्या काही सेकंदांचा आहे. हसू इतका वेळ टिकत नाही, गंभीर मुद्रा टिकते. आणि मांडीवरच्या मुलाने मान वळविली की त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढुरके धुके उरते.

शटर जन्माला आले ते रसायनशास्त्राच्या पोटी. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने, ज्यांना ईथरच्या वाफेचा त्रास होत असे, कलोडियनऐवजी जिलेटिनचा लेप वापरून कोरडी काच करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट याने दाखवून दिले की, तो लेप काही दिवस ऊबेत ठेवून मुरविला म्हणजे कितीतरी पटींनी तल्लख होतो. दही विरजणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. काच मंद होती तोवर हात पुरेसा होता. काच तल्लख झाली आणि हात अपुरा पडला, कारण अत्यंत चपळ मनगटानेही टोपी काढून परत बसवायला अर्धा सेकंद लागतोच. तेव्हा पहिले झडपेचे यंत्र आले ते अगदी साधे होते: भिंगापुढे दोन खाचांत सरकणारी एक लाकडी फळी, तिच्यात एक भोक, आणि फळी सोडली की ती स्वतःच्या वजनाने खाली पडताना ते भोक भिंगासमोरून निघून जाई. पडणाऱ्या वस्तूचा वेग सर्वांना ठाऊक आहे. वीस सेंटिमीटर पडल्यावर फळीचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर होतो, आणि त्या वेगाने पाच सेंटिमीटरचे भोक एखाद्या बिंदूवरून १/४० सेकंदात निघून जाते. निमेषाच्या आत शिरण्याची ही पहिली यांत्रिक वाट, आणि ती गुरुत्वाकर्षणाने फुकट दिली. अधिक वेग हवा असेल तर फळीला रबराचा ताण देत.

या वेगाने मनुष्याच्या डोळ्यावर पहिली मात केली ती घोड्याच्या बाबतीत. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, हा वाद जुना होता. चित्रकार असे पाय सुटलेले दाखवीत तेव्हा पुढचे दोन पुढे आणि मागचे दोन मागे फेकलेले दाखवीत, जसे जेरिकोच्या १८२१ च्या एप्समच्या शर्यतीच्या चित्रात आहेत. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेचे धनी लेलंड स्टॅनफोर्ड यांनी या वादाचा निकाल लावण्याचे काम एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकारावर सोपविले. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे स्टॅनफोर्डच्या घोड्यांच्या पागेजवळ बारा कॅमेरे एका ओळीत मांडण्यात आले, समोर पांढरी भिंत, मार्गावरही पांढरा चुना, कारण काच अजून ओल्या कलोडियनचीच होती आणि प्रकाशाचा कण न् कण हवा होता. मार्गात आडवे दोरे ताणलेले. घोड्याच्या पायाने दोरा तुटला की विजेच्या जोडणीने त्या त्या कॅमेऱ्याची रबराने ताणलेली दुहेरी झडप सुटे. सॅली गार्डनर ही घोडी धावली तेव्हा दोऱ्यांना बुजून तिने अशी उसळी घेतली की खोगिराचा तंग तुटला, आणि काचा धुऊन पाहतात तो तुटलेला तंग चित्रात स्पष्ट उमटलेला. जमलेल्या वार्ताहरांच्या मनात काही संशय उरला असेल तर तो तेथे फिटला. चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. पण ते सुटतात तेव्हा पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली एकत्र गोळा झालेले असतात, हेही सिद्ध झाले, आणि शतकानुशतकांची अश्वचित्रे त्या एका दिवसात चुकीची ठरली.

ती खरोखर चुकीची ठरली काय, हा प्रश्न मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच चित्रकार मेसोनिए यांनी मायब्रिजचा पुरावा मान्य करून आपले घोडे सुधारले. उलट शिल्पकार रोदाँ यांनी पुढे एका संभाषणात असे प्रतिपादन केले की, सत्य कलावंताकडे आहे आणि खोटे छायाचित्र बोलते, कारण वास्तवात काळ कधीच थांबत नाही. मी स्वतः दीर्घकाळ मेसोनिएंच्या पक्षाचा होतो. माझे मत बदलले ते पालखीच्या वाटेवर. आषाढातल्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा पहिल्या वर्षी मी चकती १/१००० वर ठेवली होती. चित्र निर्दोष आले: पोटाखाली जमलेले चारही पाय, हवेत अडकलेला मातीचा प्रत्येक खडा, स्वाराच्या हातातल्या पताकेची प्रत्येक घडी. सेकंदाला बारा मीटर धावणारा घोडा सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे सव्वा सेंटिमीटरच पुढे सरकतो, तेव्हा ते निर्दोष यायचेच. पण ते चित्र माझ्या आईला दाखविले तेव्हा ती म्हणाली, “हा घोडा धावतोय कुठे? उभाच आहे.” पुढल्या वर्षी मी चकती १/३० वर आणली आणि घोड्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत नेला. बहुतेक चित्रे वाया गेली. एकात अश्वाचे मस्तक आणि आयाळ स्पष्ट, पाय म्हणजे नुसती वेगाची रेघ, मागे उभ्या वारकऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका यांचे आडवे पट्टे, आणि खाली उधळलेली ती माती, जी पुढच्याच क्षणी लोक टापांखालून उचलून कपाळाला लावणार होते. ज्याने रिंगण पाहिले आहे तो या चित्राला ओळख देतो. घोड्याच्या पायात काही दुखापत आहे काय हे एखाद्या पशुवैद्याला पाहायचे असेल तर पहिले चित्र हवे, यात शंका नाही. मायब्रिजने ज्यासाठी काम केले ते काम तेच होते. परंतु धावणे दाखविण्यासाठी धावण्याला थोडा काळ द्यावा लागतो.

मायब्रिजनंतरचा इतिहास वेगाने पुढे सरकतो. पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, जो सेकंदाला बारा चित्रे, प्रत्येक १/७२० सेकंदाचे, अशी उडत्या पक्ष्यांची घेई. चित्रे अशी सलग मिळू लागली की ती पुन्हा सलग दाखविण्याचाच काय तो प्रश्न उरला, आणि चलच्चित्राची वाट मोकळी झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सारे सावेदादा म्हणत, हे मुंबईत छायाचित्रणाचाच धंदा करीत. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती त्यांनी चलच्चित्राच्या कॅमेऱ्याने टिपली. दादासाहेब फाळके हेही मूळचे छायाचित्रकार, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले आणि गोध्रा येथे स्टुडिओ चालविलेले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे दररोज एकेक चित्र घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली, आणि तो लहानसा चित्रपट पाहून भांडवल पुरविणाऱ्या गृहस्थाची खात्री पटली. मायब्रिजने डोळ्याला न दिसणारी त्वरा दाखविली. फाळक्यांनी डोळ्याला न दिसणारा संथपणा दाखविला. दोन्ही कामांत झडप तीच, केवळ दोन उघडण्यांमधील अंतर निराळे, आणि या दुसऱ्या कामाचा उल्लेख शटरच्या इतिहासात आपल्या माणसांनी तरी आवर्जून केला पाहिजे.

झडप कोठे बसवावी, याचे दोन संप्रदाय झाले. एका संप्रदायाने ती भिंगातच, पाकळ्यांसारख्या पात्यांची, बसविली. दुसऱ्याने ती फिल्मच्या अगदी पुढ्यात, दोन कापडी पडद्यांची केली. ओटोमार आन्शुट्झ या जर्मन छायाचित्रकाराने १८८८ मध्ये या पडद्याच्या झडपेचे पेटंट घेतले आणि १/१००० सेकंदाची मजल गाठली. युक्ती अशी की, एक पडदा पुढे धावतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि दोघांमधील फट जितकी अरुंद तितका प्रत्येक बिंदूला मिळणारा प्रकाश अल्पकाळाचा. पडद्यांना मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यास वेळ लागतोच, आणि म्हणून वेगवान वस्तूचा वरचा भाग एका क्षणाचा व खालचा भाग निराळ्या क्षणाचा उमटतो. झाक आंरी लार्तिग या तरुण फ्रेंच छायाचित्रकाराने १९१२-१३ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारीचे चित्र घेतले, त्यात मोटारीचे चाक अंड्यासारखे लांबट होऊन पुढे झुकलेले आहे आणि कडेला उभे असलेले लोक मागे झुकलेले आहेत. त्याने ते चित्र कित्येक वर्षे फसलेले मानले. आज खिशातल्या फोनने फिरत्या पंख्याचे चित्र घेतले तर पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात, त्याचेही कारण हेच की फोन चित्र एकदम घेत नाही, ओळीमागून ओळ घेतो.

भिंगातील झडपेचा परमोत्कर्ष म्युनिकच्या फ्रीडरिक डेकेल यांच्या कारखान्यात १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या काँपुर शटरमध्ये झाला. पूर्वीच्या झडपांत वेगाचे नियंत्रण हवेच्या दट्ट्याने होई आणि ते थंडी-उन्हाप्रमाणे बदले. काँपुरमध्ये घड्याळाच्या चाकांची माळ आली. असे एक जुने शटर माझ्या मेजावर आहे. त्याचे कडे एका सेकंदावर आणून खटका दाबला की आत घड्याळाची चाके मधमाशीसारखी गुणगुणतात आणि ती गुणगुण संपताच पाती मिटल्याचा एक बारीक टिक ऐकू येतो. १/२५ वर तीच गुणगुण एका श्वासाएवढीही उरत नाही, आणि १/२५० वर केवळ टिक. कित्येक दशकांपूर्वीचे तेल आता घट्ट झाल्यामुळे एक सेकंद प्रत्यक्षात सव्वा-दीड सेकंद होतो. पूर्वीचे कारागीर वेग कानाने ओळखीत असत, ते या आवाजावरून.

त्या जुन्या शटरवरचे आकडे १, १/२, १/५, १/१०, १/२५, १/५०, १/१०० असे आहेत. आजच्या कॅमेऱ्यावरचे १, १/२, १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५ असे. हा बदल १९५५ च्या आगेमागे झाला आणि वरवर क्षुल्लक दिसत असला तरी त्यात मोठे शहाणपण आहे. नव्या माळेत प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या जवळजवळ निम्मी आहे, आणि भिंगाच्या छिद्राच्या आकड्यांनुसार आत येणारा प्रकाशही तसाच निमपटीने उतरत जातो. तेव्हा एकीकडे एक पायरी वाढविली की दुसरीकडे एक पायरी कमी करायची, जमाखर्च बरोबर जुळतो. लायका या छोट्या कॅमेऱ्याने, जो १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत विक्रीस आला, चकती सामान्य माणसाच्या हातात दिली. या जमाखर्चाने ती चकती त्याला समजेल अशी केली. कॅमेरा हातात धरून चित्र घ्यायचे तर भिंगाची लांबी जितके मिलिमीटर तितक्याव्या हिश्शाहून संथ जाऊ नये, म्हणजे पन्नासाच्या भिंगाला १/६० तरी ठेवावा, हा जुना संकेतही या चकतीबरोबरच रूढ झाला, आणि तो आजही कामाचा आहे. समोरून येणाऱ्या सायकलीला जो वेग पुरतो तो आडव्या जाणाऱ्या सायकलीला पुरत नाही; दुरून जाणाऱ्या आगगाडीला जो पुरतो तो पुढ्यात उडी मारणाऱ्या मुलाला पुरत नाही. ही गोष्ट कोष्टकाने शिकविण्यापेक्षा एक संध्याकाळ रस्त्याच्या कडेला उभे राहून शिकावी.

वेगाची परिसीमा झडपेने गाठली नाही, प्रकाशाने गाठली. टॅलबट या इंग्रज संशोधकाने १८५१ मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गरगर फिरणाऱ्या चकतीवर वृत्तपत्राचे पान लावून, अंधारात विजेची एक ठिणगी पाडून, त्यावरील अक्षरे वाचता येतील असे चित्र घेतले होते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ नंतर तेच तत्त्व पूर्णत्वास नेले. झडप उघडीच असते. अंधारात सेकंदाच्या लक्षांशाहूनही अल्प असा एक झोत पडतो, आणि दुधाच्या थेंबाचा मुकुट किंवा सफरचंदातून आरपार निघालेली गोळी जागच्या जागी उभी राहते. मनुस्मृतीच्या एका निमेषात असे सतरा हजारांहून अधिक झोत सामावतील. यापुढे वेगासाठी झगडण्यासारखे छायाचित्रकाराला फारसे काही उरलेले नाही, आणि म्हणून आता निवडच तेवढी उरली आहे. धबधब्याला १/२००० द्यावा की दोन सेकंद द्यावेत, हे कॅमेऱ्याच्या स्वाधीन करू नका. पाण्याचा थेंब न् थेंब गारेसारखा हवा असेल तर पहिला द्यावा, पाणी वाहत असल्याची जाणीव हवी असेल तर दुसरा. पण चकती स्वतःच्या बोटांनी फिरवावी, आणि फिरविण्यापूर्वी समोरच्या वस्तूला किती काळ द्यायचा आहे हे मनाशी ठरवावे.

आकड्यांच्या माळेच्या शेवटी, एक सेकंद किंवा तीस सेकंद संपल्यावर, बहुतेक कॅमेऱ्यांवर ‘बी’ हे एक अक्षर असते. ते लावले म्हणजे खटका दाबून धरला असेल तोवर झडप उघडी राहते, मग ती एक पळ राहो की रात्रभर. अमावास्येला एखाद्या गडाच्या माचीवर तिपाई रोवून, कॅमेरा ध्रुवाकडे रोखून, असा दोन-तीन तास उघडा ठेवला तर ताऱ्यांची वर्तुळे उमटतात, ताशी पंधरा अंशांची, आणि नीएप्सच्या खिडकीतल्या त्या लांबलेल्या काळाची आठवण होते. हे ‘बी’ अक्षर बल्ब या शब्दाचे आहे. जुन्या कॅमेऱ्यांना रबराची नळी आणि तिच्या टोकाला रबरी फुगा असे. फुगा मुठीत आवळला की हवेच्या दाबाने झडप उघडे आणि मूठ सैल केली की मिटे. तो फुगा वापरातून जाऊन कित्येक दशके लोटली. अक्षर मात्र आजच्या कॅमेऱ्यावरही आहे.